नरूभाऊंची गाळणी

नरूभाऊ राऊतांनी सख्ख्या पुतणीच्या लग्नात फुलदाणीतलं पाणी प्यायलं.

लग्न पालघरच्या एका हॉलमध्ये होतं. नवरा-नवरी स्टेजवर उभी, भेटणाऱ्यांची रांग लागलेली, आणि नवरीचे हे काका रांग सोडून कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेले. टेबलावर काचेची उंच फुलदाणी होती. त्यांनी तिच्यातले निशिगंधाचे दांडे काढून नीट बाजूला ठेवले, खिशातून एक जाड निळी नळी काढली, तिचं एक टोक फुलदाणीत बुडवलं आणि दुसरं तोंडात धरून गालफडं आत जाईपर्यंत ओढ घेतली. व्हिडिओवाल्याला वाटलं, मुलीकडचा काहीतरी विधी असेल. त्याने कॅमेरा तिकडे वळवला. त्यामुळे त्या लग्नाच्या व्हिडिओत सप्तपदी आणि जेवणाची पंगत यांच्या मध्ये नरूभाऊ आहेत, डोळे मिटून फुलदाणी पिताना.

मी शेजारीच उभी होते. म्हटलं, "नरूभाऊ, प्यायचं पाणी तिकडे ठेवलंय."

"ते चांगलं पाणी हाय," ते म्हणाले. "चांगल्या पाण्यावर काय कळत नाय."

मग त्यांनी निशिगंध होता तसा परत लावला, नळी रुमालात गुंडाळली आणि मुलीला आशीर्वाद द्यायला रांगेत जाऊन उभे राहिले.

माझं बोईसरला औषधांचं दुकान आहे. नरूभाऊ माझे जुने गिऱ्हाईक. स्वतःची रक्तदाबाची गोळी आणि सुमनवहिनींची सांध्यांची औषधं न्यायला ते महिन्यातून एकदा येत. नळीचा नाद लागल्यापासून एक दिवसाआड यायला लागले. तारापूरच्या बाजूला, खाडीपासून थोडं आत, त्यांचं गाव आणि चिकूची वाडी. नोकरी मात्र औद्योगिक वसाहतीतल्या एका कापडाच्या कारखान्यात, तीसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच खात्यात, स्टोअरमध्ये. आलेला माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही आणि आतला माल जुना परत आल्याशिवाय बाहेर द्यायचा नाही, हा त्यांचा धर्म. कामगार झिजलेला हातमोजा आणून दाखवी तेव्हा नवा मिळे. निवृत्त झाल्यावर हा धर्म घरी आला. वहिनींनी अंगाचा साबण मागितला तर हे विचारत, "जुन्याची चिपटी कुठाय?"

वहिनी त्यांना पुरून उरणाऱ्या. त्या चिपटी कपाळावर चिकटवून बाहेर आल्या होत्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

मधल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे, जमीन हादरायला लागली. आमच्याकडे त्याचा फार उपद्रव नव्हता, पण एका दुपारी राऊतांच्या मांडणीवरची भांडी वाजली. वहिनी म्हणाल्या, मांजर असेल. नरूभाऊ म्हणाले, "मांजर असतं तर एकच भांडं वाजलं असतं." आणि त्याच संध्याकाळी त्यांनी दाराच्या मागे एक पिशवी टांगली. पिशवीत बॅटरी, शिट्टी, सुतळी, मेणबत्त्या, काडेपेटी आणि बिस्किटांचे पुडे. पाहुणे अवेळी आले की वहिनी त्याच पिशवीतले पुडे काढून बशीत मांडत. नरूभाऊंनी हरकत घेतली तर म्हणत, "तुमचे चुलत भाऊ न सांगता आले, ही काय कमी आपत्ती हाय?"

नरूभाऊ पुडे पुन्हा भरत. "वेळ सांगून येत नाय," ते म्हणत. हे त्यांचं पालुपद होतं. दुसरं पालुपद होतं, "नंतर म्हणू नका." ही दोन वाक्यं मिळून त्यांचं जगण्याचं सगळं तत्त्वज्ञान होतं, आणि ते ती औषधाच्या चिठ्ठीसारखी जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन्ही वेळा वापरत.

एकदा पिशवी भरता भरता त्यांच्या लक्षात आलं की तिच्यात पाणी नाही. पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या तर त्या किती ठेवणार आणि किती दिवस पुरणार. म्हणजे पाणी ठेवायचं नाही, पाणी शुद्ध करायची वस्तू ठेवायची. अशी वस्तू मिळते हे त्यांना मोबाईलवर कळलं, आणि तिथून आमच्या दुकानाचे दिवस बदलले.

पहिली ती निळी नळी. थेट डबक्यात बुडवायची आणि ओढायची. फुलदाणीत पास झालेली ही नळी त्यांनी आठवड्याभरात नापास केली. कारण विचारलं तर म्हणाले, "ओढ जड हाय."

दुसरी पिळायची बाटली. मऊ पिशवीत गढूळ पाणी भरायचं, तोंडाशी गाळणी लावायची आणि टूथपेस्टसारखं पिळायचं. तीही परत. "पिळायला लागतं," ते म्हणाले.

"अहो, ती पिळायचीच आहे," मी म्हटलं.

"तेच तर."

तिसरी हातपंपाची. चौथी पेनासारखी, पाण्यात धरून बटण दाबलं की निळा उजेड पाडणारी. तिचं बटण लहान होतं आणि वर गढूळ पाण्यात तिचा उपयोग नव्हता. पार्सल आणणाऱ्या पोऱ्याला नरूभाऊंचा पत्ता आता बघावा लागत नसे. तो माझ्याच दुकानात पार्सल ठेवायचा आणि माझ्याच दुकानातून परत न्यायचा. "अंकल, इस बार तो रखोगे ना?" तो विचारायचा. नरूभाऊ त्याला हिंदीत उत्तर द्यायचे, "देखेंगा. टेस्ट होने को मंगता है."

टेस्ट म्हणजे काय, हे समुद्रकाठच्या सातपाटीच्या लोकांनाही कळलं. एका नळीच्या डब्यावर कुठल्यातरी भाषांतरकाराने लिहिलं होतं, 'कोणतेही पाणी पिण्यायोग्य बनवते'. मी नरूभाऊंना सांगितलं की समुद्राचं मीठ अशा गाळणीत अडकत नाही, ते पाण्यात विरघळलेलं असतं.

"ते मला पण माहीत हाय," ते म्हणाले. "पण डब्यावर 'कोणतेही' लिवलंय. लिवलंय ते तपासायला नको?"

ते खरंच सातपाटीला गेले. बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, त्याच्या पलीकडे पाण्याच्या कडेला उकिडवे बसले आणि नळीने समुद्र ओढायला लागले. मासे वाळवणाऱ्या एका बाईंनी थोडा वेळ हे बघितलं. मग त्या जवळ आल्या आणि आपली पाण्याची बाटली पुढे धरून म्हणाल्या, "दादा, तहान लागली असंल तर मागायचं. लाजायचं कशाला?"

नरूभाऊंनी आभार मानून बाटली घेतली, आणि सवयीने तिच्यातसुद्धा नळी बुडवली. बाईंनी बाटली काढून घेतली. "आमचं पानी घान हाय का?" त्या म्हणाल्या, आणि पुढचा सगळा किनारा ऐकेल इतक्या आवाजात त्यांनी नरूभाऊंची आणखी विचारपूस केली. नरूभाऊंनी दुकानात येऊन हे सगळं मला जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, "पाणी खारटच लागलं. डबा खोटा निघाला." बाईंच्या रागाबद्दल त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. पण पुढच्या वेळी सातपाटीला गेले तेव्हा त्याच बाईंकडून सुके बोंबील घेऊन आले.

मी फार्मसी शिकलेली आहे, त्यामुळे या सगळ्यात माझी भूमिका परीक्षकाची झाली. मला जेवढं माहीत होतं ते मी त्यांना परत परत सांगितलं. या बारीक छिद्रांच्या गाळण्या गाळ अडवतात, जुलाब-टायफॉईडचे जंतू अडवतात. त्याहून बारीक विषाणू त्यांच्यातून निसटू शकतात, म्हणून गाळल्यावर क्लोरीनचे थेंब टाकायचे आणि अर्धा तास थांबायचं. रसायन मिसळलेल्या पाण्याला यांतली एकही उपयोगाची नाही. तसलं पाणी उकळूनही उपयोग नाही, ते सोडूनच द्यायचं. नरूभाऊ मान हलवत. त्यांना हे सगळं पाठ होतं. त्यांची अडचण वेगळीच होती आणि ती मला कळत नव्हती. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गंजलेले व्हॉल्व्ह नुसत्या हाताने फिरवले, चिकूचे करंडे खांद्यावर वाहिले, त्याला ही एवढीशी पिशवी पिळायला जड कशी वाटते? आणि पिळायला घेतली की हे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एवढ्यांनीच का पिळतात? दुकानात आलेली गिऱ्हाइकं हसत. नरूभाऊ त्यांना म्हणत, "हसा. नंतर म्हणू नका."

मग एका दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, ते आले आणि म्हणाले, "ताई, क्रेप बँडेज द्या. दोन."

"कुणाला लागलं?"

"कुणाला नाय."

त्यांनी काउंटरवरच एक गुंडाळी उलगडली आणि स्वतःच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना बांधून टाकली. दुसरी मला डाव्या हाताला बांधायला लावली. "अजून घट्ट," ते म्हणाले. "बोटं वळायला नाय पायजेत." दोन्ही हात होडीच्या वल्ह्यांसारखे झाल्यावर त्यांनी हातपंपाची गाळणी पुढे ओढली. ती काउंटरवरून घसरून खाली पडली. मग त्यांनी पिळायची बाटली दोन मनगटांत धरून दाबली. पाण्याची चिळकांडी खोकल्याच्या औषधांवर उडाली.

"नरूभाऊ, हे काय चाललंय?"

ते बांधलेल्या हातांनी बाटल्या पुसायचा प्रयत्न करत म्हणाले, "तुमच्या वहिनीचे हात असे हायत. सकाळी तर मूठच वळत नाय. डब्याचं झाकण मी उघडून देतो, दाराची कडी मी काढून देतो. नळीतून ओढायचं म्हटलं तर तेवढा दम पण नाय तिला."

"पण तुम्ही आहात ना घरी."

"मी असेन तेव्हा काय, मी टाकीभर पिळून देईन. गाळणी मी नसेन तेव्हासाठी हाय."

हे त्यांनी साबणाची चिपटी मागावी तशा आवाजात सांगितलं. मुलगा नाशिकला नोकरीला, रोज फोन करणारा. शेजारपाजार चांगला. पण नरूभाऊंनी हिशेब शेवटपर्यंत नेला होता. पूर येईल किंवा जमीन हलेल, हा त्यातला अर्धाच भाग होता. त्या वेळी आपण नसू, हा दुसरा. मी त्यांच्या हातांची बँडेजं सोडली. ती त्यांनी पुन्हा नीट गुंडाळून स्वतःच्या खिशात ठेवली.

त्या दिवसापासून मीही नीट शोधायला लागले. शेवटी आम्हाला जी सापडली ती सगळ्यात साधी निघाली. रुंद तोंडाची एक पिशवी, तिच्यात गढूळ पाणी ओतायचं आणि ती उंचावर टांगायची. पिशवीतून नळी खाली येते, नळीच्या मध्ये गाळणी बसवलेली असते आणि खालच्या हंड्यात चांगलं पाणी आपोआप पडत राहतं. ओढायचं नाही, पिळायचं नाही, वीज लागत नाही. धुवायचीही सोय होती. गाळलेलं पाणी दुसऱ्या पिशवीत घेऊन ती वर धरली की पाणी उलटं वाहून गाळणीतला गाळ मागे ढकलतं. नरूभाऊंनी डब्यावरची माहिती उभं राहून वाचली, मग बसून वाचली. पार्सलवाल्याला त्यांनी सांगितलं, "ये रखेंगा." त्या पोराने पार्सल परत घ्यायला सवयीने पुढे केलेला हात मागे घेतला.

टांगायचा प्रश्न उरला होता. भरलेली पिशवी वहिनींनी वर उचलायची कशी? नरूभाऊंनी दांडी गावातल्या ओळखीच्या एका मच्छीमाराकडून होडीवरची जुनी कप्पी आणली आणि ओटीच्या वाशाला ठोकली. कप्पीवरून दोर सोडला. पिशवी खाली असताना भरायची, मग दोर ओढला की ती वर जाते, आणि दोराचं टोक खांबाच्या खुंटीत अडकवायचं. नळीच्या तोटीला फिरवायचं बूच होतं, ते काढून त्यांनी कोपराने दाबता येईल असा चाप बसवला. हे सगळं झाल्यावर ते वहिनींना म्हणाले, दर रविवारी सराव करायचा.

वहिनींनी एकाही रविवारी सराव केला नाही. "बोअर हाय, विहीर हाय, गॅस हाय," त्या मला दुकानात सांगत होत्या. "आणि ओटीवर हे सलाईन टांगून ठेवलंय. येणारा विचारतो, कोण आजारी हाय?" नरूभाऊ शेजारी उभे राहून औषधं तपासून घेत होते. रविवारी ते एकटेच सराव करायचे, हे मला नंतर कळलं. वहिनी भाजी निवडत बसायच्या आणि हे त्यांना दिसेल अशा जागी उभे राहून दोर ओढायचे, सोडायचे, पुन्हा ओढायचे.

पुढे भातलावणीच्या दिवसांत पावसाने असा जोर धरला की खाडीचं उधाण आणि वरून येणारं ओढ्याचं पाणी एकाच वेळी भेटलं. नरूभाऊ त्या दिवशी डोळे तपासायला पालघरला गेले होते. परत येताना बोईसरपर्यंत पोचले आणि अडकले. तारापूरकडे जाणारा रस्ता पाण्याखाली गेला होता, रिक्षा बंद होत्या. दिवस मावळायच्या आत ते भिजून माझ्या दुकानात आले, मोबाईलही भिजून बंद पडलेला. वहिनींचा फोन लागत नव्हता. शेजाऱ्यांचा लागत नव्हता. नाशिकहून मुलाचा माझ्या फोनवर फोन आला, "बाबा आहेत ना तुमच्याकडे? आईचा लागत नाही." नरूभाऊ त्याला म्हणाले, "मी हाय. तू निघू नको. रस्ते नाय धड."

त्यांना आम्ही घरी नेलं. माझ्या नवऱ्याचे कोरडे कपडे घालून ते आमच्या खिडकीशी बसले. मला वाटलं होतं, आता 'वेळ सांगून येत नाय' हे ऐकावं लागेल. पण ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. जेवले थोडंसं. मध्येच म्हणाले, "सकाळी निघताना हंडे भरले होते का नाय, आठवत नाय मला." मी म्हटलं, भरले असतील. "असतील म्हणजे काय," ते म्हणाले. "स्टोअरमध्ये 'असतील' नसतं." पुन्हा थोड्या वेळाने, "दोर जरा आखूड बांधलाय मी. तिचा हात पोचतो का, ते बघितलंच नाय." आयुष्यभर प्रत्येक वस्तू तपासून घेतलेला माणूस मनातल्या मनात घरभर फिरत होता आणि त्याला प्रत्येक जागी काहीतरी राहून गेलेलं दिसत होतं.

सकाळी पाऊस उघडला. त्यांच्या गावच्या सरपंचांचा निरोप आला की औषधं हवी आहेत, ट्रॅक्टर पाठवतोय. मी जुलाबावरची पाकिटं, क्लोरीनच्या बाटल्या, मलमं आणि पट्ट्या पिशवीत भरल्या. नरूभाऊ माझ्याआधी ट्रॉलीत चढून बसले होते. वाटेत शेतं दिसत नव्हती, नुसते बांधांचे कोपरे दिसत होते. नरूभाऊ माझ्या पिशवीचा बंद धरून बसले होते आणि समोर बघत होते.

राऊतांचं घर चढावर आहे. अंगणापर्यंत पाणी येऊन मागे हटलेलं, सगळीकडे चिखल आणि चिकूची पानं. आणि ओटीवर माणसं. शेजारच्या दोन घरच्या बायका, म्हातारी माणसं, आणि लावणीसाठी डोंगरातल्या पाड्यांवरून आलेली कुटुंबं, ज्यांच्या झोपड्या वाडीच्या सखल कडेला होत्या. त्यांना वहिनींनीच हाका मारून वर घेतलं होतं. वाशाला पिशवी टांगलेली होती. तिच्यातून बारीक धार हंड्यात पडत होती. हंड्याशेजारी स्टुलावर सुमनवहिनी बसल्या होत्या, हातात पळी घेऊन.

"आधी पोरं," त्या सांगत होत्या. "मग म्हातारी. विहिरीचं कुणी प्यायचं नाय, तिच्यात खाडी शिरलीय. मागनं पोट धरून बसलात तर नंतर म्हणू नका."

डोंगरातून आलेली एक बाई तान्ह्या मुलाला पाजत बसली होती. ती पिशवीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "बायनी कालपासना आमाला यांच्यातलाच पानी दिला."

वहिनींनी विहिरीचं पाणी गाळणीत घातलंच नव्हतं. पागोळ्यांखाली घागरी, बादल्या, पातेली लावून पावसाचं पाणी धरलं होतं आणि तेच पिशवीत ओतत होत्या. कौलांवरचं शेवाळ त्यात येत होतं, पण ते गाळणीचं कामच. गॅस त्यांनी भातासाठी राखून ठेवला होता. वीज गेल्यापासून बोअर बंद. म्हणजे सगळ्या ओटीला प्यायला तेवढीच एक धार होती.

नरूभाऊ पायरीशी थांबले. चपला काढायच्या राहिल्या. वहिनींनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"डोळे तपासले?" त्यांनी विचारलं.

"तपासले."

"काय म्हणाले?"

"बरे हायत." मग त्यांनी पिशवीकडे बघून विचारलं, "धार कशी हाय?"

"बारीक झालीय. शेवाळ धरते. आधी फडक्यातनं गाळून घ्यायचं, हे तुमी सांगितलं नाय."

"सांगितलेलं."

"नाय सांगितलं."

"रविवारी सांगितलेलं."

"रविवारी मी भाजी निवडत होते," वहिनी म्हणाल्या. पण फडकं त्यांनी बांधलेलं होतंच. पिशवीच्या तोंडाला जुन्या साडीचा तुकडा दिसत होता.

मी ओटीच्या कडेला औषधं मांडायला लागले. हंड्यातल्या पाण्यात थेंब टाकून अर्धा तास थांबायचं, हे बायकांना समजावून सांगत होते. पिशवीतलं पाणी संपत आलं होतं. वहिनी उठल्या, त्यांनी खुंटीवरचा दोर सोडला आणि पिशवी खाली घेतली. एका बाईने घागर ओतून ती भरली. आता ती पुन्हा वर चढवायची. नरूभाऊ पुढे झाले तर वहिनींनी त्यांना हाताने बाजूला सारलं. "थांबा. मला जमतंय."

त्यांची बोटं दोरावर मिटत नव्हती. म्हणून त्यांनी दोर कोपरापासून मनगटापर्यंत हाताभोवती गुंडाळला, आणि भरलेली पिशवी वर ओढायला त्या नुसत्या स्टुलावर खाली बसल्या. त्यांचं वजन खाली आलं तशी पिशवी वर गेली. मग बसल्या बसल्याच मागे सरकून त्यांनी दोराचं टोक कोपराने खुंटीत अडकवलं. काल दुपारपासून त्या असंच करत होत्या. दोर सोडवून त्यांनी हात मांडीवर ठेवला तेव्हा हातावर वळ दिसले, एकावर एक, काही ताजे लाल, काही काळेनिळे पडलेले. एका जागी कातडं सोललं होतं.

नरूभाऊ ते बघत राहिले. मग चपला काढून वर आले आणि स्टुलाशेजारी जमिनीवर बसले. दोराचा सुटा पदर त्यांनी हातात घेऊन चाचपला.

"नायलॉनचा हाय," ते म्हणाले. "कापतो. सुताचा जाड आणायला पायजे होता."

"आता आणा."

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, याच्यावर काय लावायचं?"

सोललेल्या जागेवर मी पट्टी बांधली. वळांवर लावायचं मलम माझ्या पिशवीत होतं, वरच, हाताला लागेल असं. ते लावून व्हायला क्षणभर लागलं असतं.

"बाकीच्यावर खोबरेल तेल चालेल," मी म्हटलं. "पण हलक्या हाताने आणि बराच वेळ चोळायला हवं."

ते आत जाऊन तेलाची बाटली घेऊन आले. वहिनींचा हात त्यांनी आपल्या गुडघ्यावर घेतला आणि कोपरापासून मनगटाकडे, पट्टी सांभाळत, सावकाश तेल चोळायला लागले. या माणसाने इतक्या वर्षांत चारचौघांत बायकोला नावाने हाकसुद्धा मारलेली मी ऐकली नव्हती. ओटीवर सगळं गाव बसलं होतं. म्हाताऱ्यांनी नजर चिखलाकडे वळवली. तान्ह्या मुलाची आई मात्र उघड उघड बघत होती.

"अहो, लोक बघतायत," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या.

"बघू दे," नरूभाऊ म्हणाले, आणि त्यांनी बाटलीतून हातावर आणखी थोडं तेल घेतलं.